पांढऱ्या टायरांची खंडेनवमी

आमच्या साहेबांना स्वतःच्या पोरांपेक्षा फरशी प्यारी होती. हे मी रागानं बोलते असं वाटेल. बोलतेच रागानं, पण खोटं बोलत नाही. पोरांचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. फरशीचं मात्र सकाळी आल्या आल्या, जेवायच्या आधी, जेवल्यावर आणि घरी जाताना निरोप घेतल्यासारखं.

कारखाना गुळाच्या पावडरीचा, कोल्हापूरच्या बाहेर एमआयडीसीत. गूळ आपल्या मातीतला, पण त्याची पावडर करून चकचकीत पाकिटात घातली की तो परदेशी जातो. आणि परदेशी गिऱ्हाइकाला गुळापेक्षा गूळ ठेवलेली जागा बघायची असते. म्हणून साहेबांनी नवी शेड बांधली आणि तिच्यात रसायन ओतून एकसंध, कुठं सांधा म्हणून नाही अशी फिकट राखाडी फरशी करून घेतली. बाहेरचे बूट बाहेर, आतले आत. लहानपणी गुऱ्हाळावर चिखल तुडवत काकवी खाल्लेली आम्ही माणसं, त्या शेडमध्ये पाय जपून टाकायला लागलो. साहेब रोज दारात उकिडवे बसायचे, एक डोळा मिटायचे आणि फरशीवरनं लांबवर बघायचे, कुठं डाग दिसतोय का ते.

त्या फरशीवर फोर्कलिफ्ट चालवायची मी. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते: पुढं लोखंडाचे दोन लांब दात, ते मालाच्या खाली घालायचे, माल उचलायचा, वरच्या कप्प्यात नेऊन ठेवायचा. गाडी लहान, पण वजन हत्तीचं. आमच्याकडं बायकाही ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात. लिहिताना मात्र शाळेत शिकवलं तसं लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, हा बाप्याच बोलतोय.

माझं या गाडीवर बसणं हासुद्धा एक तमाशाच. मी आधी एका फौंड्रीत वाळूचे साचे करायला होते. एक दिवस वरून हुकूम आला की मशीनवर काम करणाऱ्या बाईचा फोटो पाहिजे, ऑफिसच्या भिंतीवर लावायला. सगळ्यात जवळ मी उभी होते. डोक्यावर हेल्मेट चढवलं, सीटवर बसवलं, हस म्हणाले. मी हसले. फोटो झाला, आता उतर म्हणाले. मी उतरले नाही. म्हटलं, बसवलंय तर शिकवा. लोक आधी हसले, मग कंटाळले आणि शेवटी शिकवलं. भिंतीवरचा फोटो कधीच पिवळा पडला असेल, मी मात्र परवाना काढून बसले.

पुढं माणसं पुरवणारा आमचा कंत्राटदार मला कुठं कुठं पाठवत राहिला, आणि मला माणसांपेक्षा टायरांची ओळख जास्त झाली. फौंड्रीत टायर भरीव. आत हवा नाही, नुसतं रबर. जमिनीवर लोखंडाचा किस आणि धारदार तुकडे पडलेले असतात, तिथं हवेचं टायर घातलं तर दुपारपर्यंत टिकायचं नाही. भरीव टायर पंक्चर होत नाही हे त्याचं कौतुक. बाकी प्रत्येक खड्डा ते इमानदारीनं तुमच्या कमरेपर्यंत पोचवतं. मग लाकडाच्या वखारीत गेले. तिथं अंगण खडीचं, पावसात चिखल, म्हणून हवेचं टायर. गाडी मऊ चालते, कंबर दुवा देते. पण माल वर उचललेला असताना एका चाकातली हवा गेली की गाडी एका अंगाला कलते आणि तुम्हाला लहानपणापासूनचे सगळे देव आठवतात. त्यानंतर इचलकरंजीत, सुताच्या गोदामात. तिथं लोखंडी चाकावर रबराचा जाड पट्टा दाबून बसवलेला. तो बसवायला मोठा प्रेस लागतो, हातानं जमत नाही. गाडी बुटकी होते, दोन रांगांच्या मधल्या बोळात जागच्या जागी वळते. पण तीच गाडी दाराबाहेर खडीवर नेलीत तर रुसून बसते. सांगायचं काय, तर जागा बघून टायर, टायर बघून जागा. एवढं साधं. तरी आमच्या लोकांना ते ‘टायर म्हणजे टायर’ या पलीकडं कधी जाऊ द्यायचं नसतं.

आता नवऱ्याबद्दल. माझं सासर कळंब्याकडं. नवऱ्याचा ट्रॅक्टर. शेती थोडी, भाड्याची कामं जास्त, आणि ट्रॅक्टरवर जीव. शाहूवाडीच्या माझ्या माहेरी भाताच्या खाचरात कुणी बैलाला जपत नसेल, इतकं हा त्या ट्रॅक्टरला जपतो. दर खंडेनवमीला त्याला शाम्पूनं आंघोळ, झेंडूचा हार, आणि टायरांना काळं पॉलिश. तोंड दिसेपर्यंत. आमच्याकडं गाडीवाला कोण हे टायरावरनं ओळखतात. काळं कुळकुळीत टायर म्हणजे माणूस नेटका, घरंदाज. धुळकट टायर म्हणजे आळशी.

असा गाडीवेडा माणूस, पण बायको गाडी चालवते हे त्याच्या तोंडून बाहेर पडायचं नाही. संध्याकाळी दूध घालायला डेअरीवर गेला की कट्ट्यावरचे विचारायचे, ‘वैनी कशाला जात्यात कंपनीत?’ हा म्हणायचा, ‘पॅकिंगला.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

‘खोटं का बोलताय?’ मी विचारलं होतं.

‘अगं, आज हाईस. कंत्राटावर हाईस. उद्या काढलं म्हंजे? लोकं म्हणतील, गेली बसाय आणि आली उतरून. मला कट्ट्यावर बसू देतील व्हय?’

‘आणि कायम झालो तर?’

‘कायम हो की. मग सांगतो. समद्या गावाला सांगतो. हलगी लावतो.’

तेव्हापासून ती सीट माझ्या डोक्यात बसली. पगार काय, कुठंही हात चालवले की मिळतो. पण त्या सीटवर मी कायमची हवी होते. कारखान्यातही, आणि डेअरीच्या कट्ट्यावरही.

नव्या शेडमध्ये पहिले काही दिवस फौंड्रीसारखीच काळी भरीव टायरं होती. वळण घेतलं की फरशीवर काळी कमान उठायची. साहेब धावत यायचे, खिशातला रुमाल काढून गुडघ्यावर बसून पुसायचे, आणि माझ्याकडं असं बघायचे, जशी मी त्यांच्या शर्टावर पानाची पिचकारी मारलीय. मग त्यांनी अभ्यास केला. आमचे साहेब अभ्यासाला वाघ. एक दिवस सगळ्यांना गोळा करून सांगितलं, ‘रबर मुळात काळं नसतं. त्यात काजळीसारखा कार्बन घालतात, म्हणून काळं आणि टिकाऊ होतं. तोच कार्बन फरशीवर उठतो. खायच्या मालाच्या कारखान्यात, औषधाच्या कारखान्यात काजळी नसलेलं टायर लागतं. पांढरं. राखाडीही मिळतं. जरा लवकर झिजतं, पण डाग पाडत नाही.’

टायरं आली. दुधासारखी पांढरी. ती चढवली तेव्हा पॅकिंगच्या बायकांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे बघायला आले. वॉचमन म्हणाला, ‘म्हशीला मोजं घातल्यागत दिसतंय.’ एक आजीबाई कानाशी येऊन म्हणाल्या, ‘पांढऱ्या पायाची गाडी, बाई. जपून ऱ्हा.’ मी म्हटलं, ‘मावशी, फरशी काळी झाली तर आपल्या सगळ्यांचंच तोंड काळं होतंय, त्यापेक्षा हे बरं.’

त्यातच परदेशी गिऱ्हाइकाची तपासणी ठरली. नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. साहेबांनी शेडमध्ये उभं राहून जाहीर केलं, ‘तपासणी पार पडली की या शेडचा ऑपरेटर कायम. मी नरसोबाच्या वाडीला जाऊन बोलून आलोय.’ नवस त्यांनी फरशीसाठी केला होता हे सगळ्यांना माहीत होतं. पण दत्ताला काय, एका नवसात दोन कामं करायला जड थोडंच आहे? मी मनातल्या मनात माझी सीटही त्याच्यापुढं ठेवून दिली.

खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात काम नसतं, मशीनची पूजा असते. घरच्यांना घेऊन यायचं, आरती, मग मसालेभात आणि जिलेबी. नवरा पहिल्यांदाच यायला तयार झाला. सकाळी उठून ट्रॅक्टर नटवून झाला होता, त्याच ट्रॅक्टरवरनं आला. मला वाटलं होतं, आज त्याला गाडी दाखवीन, सीटवर बसून एक वळण घेऊन दाखवीन. कुठलं काय! आत पाऊल टाकलं नाही तोवर साहेब म्हणाले, ‘ताई, तुम्ही जरा आरतीचं ताट, हळदीकुंकू, रांगोळी बघा. बाईमाणसाचा हात लागतोच.’

म्हणजे वर्षभर मी ऑपरेटर. पूजेच्या दिवशी बाई. कॉम्प्रेसर बघणाऱ्या गड्याला कुणी वाती वळायला बसवलं नाही. तो कॉम्प्रेसरला हार घालत मजेत उभा होता. मी दात ओठ खात वाती वळायला बसले आणि माझी गाडी शेडच्या कोपऱ्यात एकटी राहिली.

आणि नवऱ्याला ती दिसली.

हे मला नंतर वॉचमननं सांगितलं. म्हणे, नवरा गाडीभोवती फिरला. हार नाही, टिळा नाही, आणि टायरं पांढरट, वापरानं मळकी. त्याचा जीव कळवळला. वॉचमनला म्हणाला, ‘पावणं, खंडेनवमीला गाडी अशी ठेवत्यात व्हय? हिला कोण वाली हाय का न्हाय?’ वॉचमन म्हणाला, ‘तुमच्याच मंडळींची गाडी हाय की.’ एवढं ऐकलं आणि हा गडी सरळ बाहेर ट्रॅक्टरकडं गेला, पॉलिशची बाटली आणि फडकं घेऊन आला. चारही टायरं. आतून, बाहेरून, जमिनीला लागतो तो भागसुद्धा सोडला नाही. पूजेला आलेली सगळी माणसं मदतीला. पाचसहा जण मिळून गाडी जरा पुढं ढकलतायत, कुणी राहिलेली जागा दाखवतंय. टायराचं ते व्याख्यान या सगळ्यांनी ऐकलेलं होतं. पण खंडेनवमीला टायर काळं करायचं असतं हे त्यांना व्याख्यानाच्या आधीपासून माहीत होतं.

मी ताट घेऊन आले तर समोर हे. काळी कुळकुळीत, ओली चकचकीत टायरं. वर कुंकवाचं स्वस्तिक, दातांवर झेंडूचा हार, आणि बाजूला नवरा, कोपरापर्यंत काळा, लग्नात हसला नव्हता तेवढा हसत.

‘आता कशी गाडी वाटती!’ तो म्हणाला.

मला ओरडायचं होतं. देवाशपथ सांगते, एकीकडं त्याच्या टाळक्यात ताट घालावं वाटत होतं, आणि एकीकडं रडू येत होतं. कारण त्यानं पॉलिश ट्रॅक्टरला लावतो तसं लावलं होतं, टायराच्या नक्षीत बोट घालून घालून. माझ्या कामाला त्याचा हात असा कधी लागला नव्हता.

एवढ्यात साहेब आले. डोक्याला फेटा, अंगात नवा सदरा. म्हटलं, आता स्फोट. कार्बनवर व्याख्यान देणारा माणूस, हा बघताच ओळखेल. साहेबांनी टायरांकडं बघितलं आणि म्हणाले, ‘वा! काय शाईन आहे! एक नंबर!’ त्यांच्यातल्या इंजिनिअरला त्यांच्यातल्या कोल्हापूरकरानं चक्क मागं ढकललं.

‘साहेब, टायर बघा, ही टायरं...’ मी सुरुवात केली.

‘नंतर, ताई. मुहूर्त टळतोय.’

चारही चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ फुटला. आरती झाली. आता रिवाजाप्रमाणं गाडी लिंबांवरनं पुढं न्यायची आणि एक फेरी मारायची. मी सीटकडं वळले तर साहेब म्हणाले, ‘पहिल्या फेरीचा मान माझा.’ आणि हात पुढं केला किल्लीसाठी. परवाना नाही, पट्टा बांधलेला नाही, डोक्यावर हेल्मेटच्या जागी फेटा. मी किल्ली धरून ठेवली. ‘साहेब, आधी टायरं पुसू द्या.’ ते हसले आणि माझ्या हातातनं किल्ली काढून घेतली. सगळ्यांना वाटलं, बाईला रुसवा आलाय. टाळ्या वाजल्या.

लिंबं फटाफट फुटली. पूजेला बोलावलेली हलगी सुरू झाली. साहेब पॅकिंग मशीनला वळसा घालून गेले, रॅकच्या मधनं गेले, दारापर्यंत गेले आणि परत आले. मग मजा वाटली म्हणून आणखी एक फेरी. मी मागनं ‘साहेब, थांबा! अवो, थांबा!’ करत पळतेय, हलगीवाल्याला वाटलं मी नाचतेय, त्यानं आणखी जोर केला.

गाडी थांबली. साहेब उतरले, फेटा सारखा केला, आणि सवयीनं मागं वळून फरशीकडं बघितलं.

हलगी हळूहळू बंद पडली. सगळ्या शेडभर काळे गोल गोल पट्टे, मधे लिंबाचा रस आणि बिया. साहेबांचं तोंड असं झालं की मला क्षणभर त्यांची दया आली. क्षणभरच. कारण पुढच्या क्षणी ते ओरडले, ‘ऑपरेटर कोण आहे?’

जसं काही त्यांना माहीतच नव्हतं.

‘गाडीची जबाबदारी ऑपरेटरची! परवा तपासणी आहे! कायम करायचं राहू द्या बाजूला, कंत्राटदाराला फोन लावा. दुसरा माणूस पाठव म्हणावं.’

पण माझं तोंड कुणाच्या बापाचं ऐकतंय! ‘साहेब, ऑपरेटर तुमच्या वाती वळत बसला होता. आणि फेरी कुणी मारली?’

‘टायर काळे कुणी केले ते आधी सांगा!’

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मदत करणारे सगळे हात पाठीमागं गेले. तेवढ्यात नवरा पुढं आला. हात लपवायचे म्हटले तरी कुठं लपवणार, कोपरापर्यंत काळा.

‘टायरं मी काळी केली.’

‘तुम्ही कोण?’

‘मी हिचा नवरा. हिला ठावं बी न्हवतं. काढायचं तर मला काढा.’

‘तुम्ही इथं कामालाच नाही!’

‘मग कुणालाच काढू नका,’ नवरा म्हणाला. ‘उद्या येतो आणि पुसून देतो. माझं पॉलिश हाय, मला म्हाईत हाय कसं निघतंय ते.’

दुसऱ्या दिवशी दसरा. सगळं कोल्हापूर सोनं लुटायला दसरा चौकाकडं निघालेलं, आणि आम्ही शेडमध्ये फरशी घासत होतो. मी, नवरा, वॉचमन आणि साहेब. हो, साहेबही. कारण त्यांचा दुसऱ्या कुणाच्या हातावर भरवसा नव्हता. थिनर चालणार नव्हतं, वास गुळात शिरेल. रॉकेलचं तर नाव नको. कोमट पाणी, भांड्याचा साबण, मऊ घासणी. नवऱ्याचं पॉलिश खरंच नवऱ्याला माहीत होतं. साबणाला ते ऐकत होतं. जिथं ऐकलं नाही तिथं साहेबांनी घरनं आणलेले खोडरबर. पोरांच्या दप्तरातले. म्हणजे पोरं आहेत हे त्यांना आठवत होतं तर.

दोन पुरुष शेजारी शेजारी गुडघ्यावर बसून फरशी पुसतायत आणि मी उभी राहून ‘तिकडं राहिलं, अवो तिकडं’ असं बोट दाखवतेय. हे बघायला माझी सासू असायला हवी होती.

घासता घासता नवऱ्यानं विचारलं, ‘साहेब, एक सांगा. टायरात हवाच न्हाय तर ते टायर कशाला म्हणायचं?’ झालं. साहेबांचा राग कुठल्या कुठं गेला. अभ्यासू माणसाला प्रश्न विचारला की तो विरघळतोच. भरीव कुठं, हवेचं कुठं, पट्ट्याचं कुठं, पांढरं का, सगळं पुन्हा एकदा. थंड गोदामातल्या हातगाडीची कडक प्लॅस्टिकसारखी छोटी चाकंसुद्धा आली. हे सगळं मी घरी किती वेळा सांगितलं होतं, तेव्हा हा जांभया द्यायचा. आता मान डोलवून डोलवून ऐकत होता. मला इतका राग आला की मी एक खोडरबर त्याच्या पाठीत मारला.

संध्याकाळपर्यंत फरशी स्वच्छ निघाली. टायरं मात्र पांढरी होईनात. घासून घासून राखाडी झाली आणि तिथंच थांबली. साहेब डोकं धरून बसले. नवरा म्हणाला, ‘राखाडी बी मिळतंय की. मगाशी तुमीच सांगितलंसा.’ साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, टायराकडं बघितलं. टायरावर पांढरं फडकं फिरवून बघितलं. फडकं स्वच्छ होतं. जाताना आम्ही एकमेकांना आपट्याची पानं दिली, साबणाचा वास येणाऱ्या हातांनी.

तपासणीला दोन पाहुणे आले. डोक्याला जाळीच्या टोप्या, हातात वह्या. साहेब मला पाहुण्यांसमोर मॅडम म्हणत होते. एकानं वाकून टायराला बोट लावलं, बोट बघितलं, आणि साहेबांशी इंग्रजीत बोलला. साहेबांचा आवाज चिरका झाला. ‘मॅडम, भरलेला माल उचलून जोरात या, मध्यावर ब्रेक मारा, आणि जागच्या जागी वळवा.’

पट्टा बांधला. माल उचलला. त्या क्षणी मला कायम-बियम काही आठवलं नाही. टायराच्या नक्षीत खोल कुठंतरी पॉलिशचा थेंब राहिला असेल तर, एवढंच डोक्यात. आले, ब्रेक मारला, वळवली. गाडी थांबली. पाहुणा उकिडवा बसला, एक डोळा मिटला आणि फरशीवरनं लांबवर बघितलं. हुबेहूब साहेबांसारखं. जगात अशी माणसं आणखीही आहेत हे कळून मला बरं वाटलं.

डाग नव्हता. पण रॅकच्या पायाशी त्याला काहीतरी सापडलं. त्यानं ते चिमटीत धरून वर केलं. लिंबाची बी.

साहेब एक पाऊल पुढं झाले आणि न अडखळता काहीतरी बोलले. पाहुण्याची भुवई वर गेली, मग त्यानं मान डोलवली आणि वहीत लिहून घेतलं. नंतर कळलं, साहेबांनी सांगितलं होतं की आमच्याकडं सफाईला फक्त नैसर्गिक लिंबू वापरतात, आमची जुनी परंपरा आहे. पाहुणे खूश झाले.

तपासणी पार पडली. साहेबांनी भाषण केलं. फरशीचे आभार मानले, दत्ताचे मानले, स्वतःच्या अभ्यासाचे मानले. मी समोर जाऊन उभी राहिले. ‘साहेब, माझं?’

‘हां हां. तुम्हीच राहा गाडीवर. कायमचं बघू. पुढच्या बैठकीत विषय घेतो.’

‘बघू?’ मी म्हटलं. ‘वाडीला काय बोलून आलायसा, ते विसरलासा व्हय?’ तोपर्यंत ते पाहुण्यांना जिलेबी वाढायला वळले होते. मला पुढं कायम केलं, पण ते कितीतरी नंतर, आणि तेव्हा त्याचं मला एवढं काही वाटलं नाही.

गेटबाहेर झाडाखाली ट्रॅक्टर उभा होता. नवरा सकाळपासून तिथंच.

‘उठलं का?’ त्यानं विचारलं.

‘न्हाय. एक डाग न्हाय.’

त्यानं हुश्श केलं. मग हळूच, ‘आणि कायम?’

‘बघू म्हणाल्यात.’

तो ट्रॅक्टरवर चढला. अट त्यानंच घातली होती, आणि ती पुरी झाली नव्हती. मी मडगार्डवर बसले. रस्ताभर मला एवढं वाईट वाटत होतं की ट्रॅक्टरच्या आवाजात थोडं रडून घेतलं. कुणाला ऐकू येणार होतं!

डेअरीपाशी कट्टा भरलेला होता. एकानं हाक मारली, ‘काय वैनी, आज पॅकिंग लौकर सुटलं?’

मला वाटलं, हा हात करून पुढं जाईल. त्यानं ट्रॅक्टर बंद केला. खाली उतरला. आणि कुणी न विचारता सुरू झाला, ‘तुमाला एक म्हाईत हाय का? फोर्कलिफ्टचं टायर किती जातीचं असतंय?’ लोक बघायला लागले. हा साहेबांच्या थाटात हातवारे करून सांगतोय. वखारीत हवेचं, फौंड्रीत भरीव, खायच्या मालाला पांढरं, न्हायतर राखाडी. सुताच्या गोदामाचं सांगताना अडकला.

‘पट्ट्याचं,’ मी वरनं म्हटलं.

‘हां, पट्ट्याचं. प्रेसवर बसवत्यात.’

एक म्हातारा पानाची चंची सोडत म्हणाला, ‘समदं खरं. पर तुला काय करायचं त्या टायरांचं? तुझ्या घरात कोण चालवतंय?’

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या नखांतलं काळं अजून गेलं नव्हतं.

‘ही चालवती,’ तो म्हणाला. ‘पयल्यापासनं हीच चालवती. मी पॅकिंग सांगत हुतो, ते खोटं हुतं.’

माझं तोंड, जे साहेबांपुढं बंद होत नाही, ते तिथं उघडेना.

‘कायम हाय व्हय?’ म्हाताऱ्यानं विचारलं.

‘न्हाय अजून,’ नवरा म्हणाला. ‘पर चालवती हीच की.’